मनाच्या आणीबाणींत समदुःखी सोबती

रात्रीं दोनचा सुमार आहे. घरांतील तरुण मुलगा तीन रात्री झोपलेला नाहीं. तो कधीं येरझारा घालतो, कधीं भिंतीला कान लावून उभा राहतो. पलीकडच्या बिऱ्हाडांत आपल्याविरुद्ध कांहीं तरी कट शिजत आहे, असें तो पुन्हा पुन्हा सांगतो. आई देवापुढें बसली आहे. वडील फोनवर कोणाशीं तरी हलक्या आवाजांत बोलत आहेत, आणि तेंहि दार लावून. कारण उद्यां हें शेजारापाजारांत कळलें तर काय, ही धास्ती त्यांना मुलाच्या आजाराइतकीच छळीत आहे.

अशा घरीं त्या रात्रीं काय हवें असतें? डॉक्टर हवा, औषध हवें, प्रसंगीं रुग्णालयहि हवें. याविषयीं दुमत नाहीं. परंतु या सर्वांच्या जोडीला आणखी एक माणूस हवा असतो, आणि नेमका तोच कोठें सांपडत नाहीं. जो स्वतः अशा रात्रींतून गेला आहे, तिच्या पलीकडे पोंचला आहे, आणि म्हणूनच 'ही रात्र संपते' हे शब्द ज्याच्या तोंडीं खरे वाटतात, असा तो माणूस होय.

अशा माणसाचें साहाय्य हें आज जगांतील अनेक देशांत रीतसर काम झालें आहे. त्याला समदुःखी सोबती म्हटलें तर अर्थ बरोबर पोंचतो. हा सोबती एके काळीं मनाच्या तीव्र आजारानें ग्रासलेला होता. पुढें तो बरा झाला, किंवा आजार संभाळून जगण्याची कला त्यानें साध्य केली. त्यानंतर त्यानें या कामाचें शिक्षण घेतलें, आणि आतां तो रुग्णालयांत, दूरध्वनीच्या साहाय्यकेंद्रांत किंवा एखाद्या विसाव्याच्या घरांत, कोठें पगारी तर कोठें स्वयंसेवक म्हणून, इतरांच्या आणीबाणीच्या वेळीं त्यांच्याजवळ बसतो. तो डॉक्टर नव्हे, परिचारक नव्हे, आणि नेहमींच्या अर्थानें मित्रहि नव्हे. 'ज्याचें जळतें त्यालाच कळतें' ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. बहुधा ती निराशेच्या सुरांत उच्चारली जाते. दुसऱ्याला काय कळणार, असा तिचा रोख असतो. या कामानें तीच म्हण उलट्या बाजूनें वाचली. ज्याला कळतें, त्यालाच मग बोलावूं नये काय, असा प्रश्न त्यानें केला.

हा प्रश्न नवा नाहीं. पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील रुग्णालयांत १७७१ च्या सुमारास जाँ-बाप्तिस्त प्यूसँ नांवाचा एक कातडी कमावणारा गंडमाळांवर उपचार घेण्यासाठीं दाखल झाला. तो बरा झाला, पण त्याच संस्थेंत कामाला राहिला, आणि पुढें वेड्यांच्या विभागाची व्यवस्था त्याच्याकडे आली. १७९३ मध्यें प्रसिद्ध वैद्य फिलिप पिनेल तेथें आले, तेव्हां वैद्यकाचें कसलेंहि शिक्षण नसलेला हा व्यवस्थापक रोग्यांना मारझोड न करतां, बोलून आणि समजावून संभाळतो, असें त्यांना आढळून आलें. प्यूसँ आपले साहाय्यक शक्य तोंवर बऱ्या होत आलेल्या रोग्यांतूनच निवडी; कारण ज्यानें स्वतः तें दुःख भोगलें आहे, त्याचा हात दुसऱ्यावर सहसा उगारला जात नाहीं. पुढें १७९७ मध्यें बिसेत्रच्या त्या विभागांतील रोग्यांच्या सांखळ्या निघाल्या. लोकांत या गोष्टीचें श्रेय पिनेल यांना दिलें जातें, आणि तशीं चित्रेंहि काढलीं गेलीं. परंतु तोंवर पिनेल तेथून दुसऱ्या रुग्णालयांत गेले होते, आणि सांखळ्या काढविल्या त्या प्यूसँनें. प्यूसँचा स्वतःचा आजार मनाचा नव्हता. तथापि रोग्याच्या खाटेवरून रुग्णालय कसें दिसतें, हें त्याला ठाऊक होतें, आणि तेवढ्या ज्ञानानेंहि बराच फरक पडला.

इंग्लंडांत जॉन पर्सिव्हल याची कथा अधिक थेट आहे. हा पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा मुलगा. १८३१ पासून सुमारें तीन वर्षें तो खासगी वेड्यांच्या इस्पितळांत होता. बाहेर आल्यावर त्यानें १८३८ व १८४० मध्यें आपली हकीकत दोन भागांत प्रसिद्ध केली, आणि १८४५ मध्यें वेडे ठरविलेल्यांच्या मित्रांचें एक मंडळ स्थापण्यांत त्याचा प्रमुख भाग होता. विनाकारण कोंडलेल्यांना सोडविणें आणि आंत असलेल्यांची वागणूक सुधारणें, हें या मंडळाचें काम होतें. पंतप्रधानाच्या घरींहि ही व्यथा येते, आणि ती लपविण्याऐवजीं छापून सांगणारा माणूस त्याच घरांतून निघतो, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

अमेरिकेंत क्लिफर्ड बीअर्स या तरुणानें हेंच काम मोठ्या प्रमाणावर केलें. येल विद्यापीठाचा हा पदवीधर १९०० मध्यें आजारी पडला आणि १९०३ पर्यंत कनेटिकट संस्थानांतील तीन निरनिराळ्या इस्पितळांत राहिला. तेथील मारहाण आणि कोंडवाडे त्यानें स्वतः सोसले. १९०८ मध्यें त्याचें आत्मकथन प्रसिद्ध झालें, त्याच वर्षीं कनेटिकटमध्यें मानसिक आरोग्याची पहिली संस्था निघाली, आणि १९०९ मध्यें तिचें राष्ट्रीय समितींत रूपांतर व्हावें तसें कार्य वाढलें. बीअर्सचा शेवट मात्र सुखाचा नव्हता. १९४३ मध्यें तो पुन्हा एका मनोरुग्णालयांतच वारला. ही गोष्ट सांगितलीच पाहिजे. एकदां बरा झालेला माणूस पुन्हा आजारी पडूं शकतो. परंतु त्यामुळें मधल्या पस्तीस वर्षांचें त्याचें काम खोटें ठरत नाहीं.

या परंपरेला दुसऱ्या एका दिशेनें मोठा हातभार लागला. १९३५ मध्यें अमेरिकेंतील ऍक्रन शहरीं बिल विल्सन हा धंद्यासाठीं आलेला गृहस्थ दारूच्या मोहाशीं झगडत होता. आपण बोललों पाहिजे तें कोणा उपदेशकाशीं नव्हे, तर आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यप्याशीं, असें त्याला वाटलें, आणि त्याची गांठ डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशीं पडली. त्या दोघांच्या बोलण्यांतून 'अल्कोहोलिक्स ऍनॉनिमस' ही संघटना जन्मास आली. तेथें एक महत्त्वाचा शोध लागला: दुसऱ्याला सांवरतांना सांवरणाराहि सांवरला जातो. आपल्याकडे पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारांत १९८६ मध्यें डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्तिकेंद्र सुरू केलें. तेथें व्यसनांतून बाहेर पडलेलींच माणसें पुढें कार्यकर्तीं झालीं, आणि नव्यानें दाखल होणाऱ्याला पहिल्या दिवसापासून अशा माणसाची सोबत लाभूं लागली. महाराष्ट्रांतील अनेक कुटुंबांना या पद्धतीचें सामर्थ्य तेथूनच कळलें.

व्यसनाच्या बाबतींत जें लोकांना लौकर पटलें, तें मनाच्या इतर आजारांच्या बाबतींत पटण्यास फार वेळ लागला. वेड लागलेला माणूस दुसऱ्याला काय शहाणपण शिकविणार, हा आक्षेप पक्का होता. १९७० नंतर अमेरिकेंत इस्पितळांतून बाहेर पडलेल्या लोकांचे गट ठिकठिकाणीं जमूं लागले. त्यांतील ज्युडी चेंबरलिन या बाईंनीं १९७८ मध्यें एक पुस्तक लिहून असें प्रतिपादिलें कीं, अशा लोकांना आपल्या आपण चालवितां येतील अशीं साहाय्यगृहें शक्य आहेत, आणि तीं कोठें कोठें चाललींहि आहेत. वीस वर्षांनीं शासनाच्या दप्तरांत या विचाराचा प्रवेश झाला. जॉर्जिया संस्थानानें १९९९ पासून समदुःखी सोबत्याच्या कामाचा मोबदला मेडिकेड या सरकारी योजनेंतून देण्याची सोय केली. २००७ मध्यें केंद्रीय सरकारनें सर्व संस्थानांना त्याविषयीं मार्गदर्शक पत्र पाठविलें. त्यांत तीन अटी होत्या: सोबत्याला शिक्षण व प्रमाणपत्र हवें, त्याच्या कामावर जाणत्या माणसाची देखरेख हवी, आणि त्याचें काम इतर उपचारांशीं जुळतें हवें.

आणीबाणीच्या प्रसंगीं हें काम कसें चालतें, याचीं दोन उदाहरणें पाहण्यासारखीं आहेत. इंग्लंडांतील लीड्स शहरीं मानसिक आजाराचा स्वतः अनुभव घेतलेल्या लोकांनीं १९९९ मध्यें 'डायल हाउस' नांवाचें घर सुरू केलें. शहरांतील दवाखाने जेव्हां बंद होतात आणि मनाचा काळोख जेव्हां दाटूं लागतो, त्या सायंकाळच्या व रात्रीच्या वेळीं हें घर उघडें असतें. तेथें येणाऱ्याला रुग्ण न म्हणतां पाहुणा म्हणतात. खाटांच्या रांगा नाहींत, पांढरे डगले नाहींत. बसण्याच्या खोल्या आहेत, चहा आहे, आणि ऐकणारें माणूस आहे.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाच्या नॉर्थॅम्प्टन गांवचें. तेथें २०१२ मध्यें 'अफिया' हें विसाव्याचें घर उघडलें. घरांत निजण्याच्या खोल्या तीनच. मनाच्या आणीबाणींत सांपडलेल्या माणसानें स्वतः येऊं इच्छिलें पाहिजे. दुसऱ्या कोणीं त्याला तेथें आणून टाकतां येत नाहीं. तो जास्तींत जास्त सात रात्री राहूं शकतो, आणि त्याबद्दल त्याच्याकडून पैसे घेत नाहींत. कामावर जायचें तर त्यानें जावें, औषधें घ्यायचीं तर स्वतः घ्यावीं. काम करणारे सगळेच अशा अनुभवांतून गेलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें लोकवस्तींतील मानसिक सेवांविषयीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत चांगल्या सेवांच्या उदाहरणांत या छोट्या घराचा समावेश केला.

आतां या सोबत्याचें प्रत्यक्ष काम काय, हें पाहूं गेलें तर तें वरवर अगदीं साधें दिसतें. पहिलें काम म्हणजे बसणें. समोरचा माणूस थरथरत असेल, रडत असेल, किंवा कोणाला न ऐकूं येणारे आवाज ऐकत असेल. सोबती घाई करीत नाहीं. ते आवाज खरे आहेत असें तो म्हणत नाहीं, आणि ते खोटे आहेत असा वादहि घालीत नाहीं. आवाज काय सांगतात, ते केव्हां मोठे होतात, त्यांची भीति किती वाटते, एवढेंच तो विचारतो. शेवटची झोप केव्हां झाली, पोटांत कांहीं गेलें आहे काय, घरीं कोण आहे, उद्यां कचेरींत कळवावयाचें आहे काय, असे संसारी प्रश्न तो विचारतो. आणि त्या प्रश्नांनींच घसरत चाललेल्या मनाला पाय टेकण्यापुरती जमीन मिळते.

दुसरें काम अवघड आहे. जीव द्यावासा वाटतो काय, हें त्याला सरळ विचारावें लागतें. असें विचारल्यानें नसता विचार डोक्यांत येईल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. सरळ व शांतपणें विचारल्यानें तो विचार नव्यानें उत्पन्न होत नाहीं. उलट, जें कोणापाशीं बोलतां येत नव्हतें तें बोलण्याची वाट मोकळी होते. जिवाला धोका दिसला तर सोबती गप्प राहत नाहीं. अशा वेळीं आपण इतरांना कळवूं, हें त्यानें आरंभींच सांगून ठेवलेलें असतें, आणि कळवितो तेंहि लपून नव्हे, त्या माणसाला सांगून.

स्वतःची कहाणी त्यानें किती सांगावी? येथें शिक्षणाचा खरा कस लागतो. स्वतःचा अनुभव हा त्याच्या कामांतला मिठासारखा पदार्थ आहे. त्यावांचून चव नाहीं, आणि जास्त झाला तर ताट बाजूला सारावें लागतें. 'मलाहि असेंच झालें होतें' या एका वाक्यानें समोरच्याचा एकटेपणा कमी होऊं शकतो. तेंच वाक्य पुढें अर्धा तास चाललें, तर दुःख सांगण्यास आलेला माणूस दुसऱ्याचें दुःख ऐकून परत जातो. त्याहून मोठा धोका म्हणजे 'मी अमुक केलें आणि बरा झालों, तूंहि तेंच कर' हा आग्रह. एकाला औषधानें तारलें असेल, दुसऱ्याला औषधाबरोबर कामानें, तिसऱ्याला आणखी कशानें. औषध सोडण्याचा किंवा बदलण्याचा सल्ला देणें हें सोबत्याचें काम नव्हे; त्याविषयींचे प्रश्न डॉक्टरांपुढें नीट मांडण्यास मदत करणें हें मात्र त्याचें काम आहे.

आणीबाणी ओसरल्यावरहि त्याची गरज संपत नाहीं. किंबहुना तेव्हांच ती वाढते. मनोरुग्णालयांतून घरीं आल्यानंतरचे पहिले कांहीं आठवडे आत्महत्येच्या दृष्टीनें अत्यंत धोक्याचे असतात, असें अनेक देशांतील अभ्यासांनीं दाखविलें आहे. घरच्या लोकांना वाटतें, आतां संकट टळलें. परंतु आजाऱ्याला त्याच वेळीं रिकामी खोली, गेलेली नोकरी आणि ओळखीच्यांच्या चुकविलेल्या नजरा यांना तोंड द्यावयाचें असतें. या काळांत सोबती त्याच्याबरोबर बसून एका वहींत त्याची योजना लिहवून घेतो. आजार उलटण्यापूर्वीं कोणतीं लक्षणें दिसतात, झोप कमी होते कीं खर्च वाढतो कीं बोलणें बंद होतें. तेव्हां प्रथम कोणाला बोलवावें. काय केल्यानें बरें वाटतें आणि काय केल्यानें बिघडतें. हें सारें त्याच्याच शब्दांत लिहिलें जातें.

या पद्धतीची कसोटी इंग्लंडांत काटेकोरपणें घेण्यांत आली, आणि तिचा निष्कर्ष २०१८ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. आणीबाणीच्या वेळीं घरीं येऊन उपचार करणाऱ्या सहा पथकांकडून मोकळे झालेले ४४१ लोक या प्रयोगांत होते. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीनें त्यांचे दोन गट केले. एका गटाला योजना लिहिण्याची वही आणि समदुःखी सोबत्याच्या दहा भेटींपर्यंत सोय मिळाली. दुसऱ्या गटाला तीच वही टपालानें पाठविली. वर्षाच्या आंत पुन्हा तीव्र उपचारांसाठीं दाखल होण्याची वेळ पहिल्या गटांत २९ टक्के लोकांवर आली, दुसऱ्या गटांत ३८ टक्क्यांवर. वही दोन्ही गटांकडे होती; फरक सोबतीचा होता. तथापि सर्वच अभ्यासांचीं उत्तरें इतकीं चांगलीं नाहींत. रुग्णालयांत जाण्याचें प्रमाण सोबतीनें हमखास घटतें, असें सर्व अभ्यास एकत्र पाहतां म्हणतां येत नाहीं. आशा वाढणें, आपल्या उपचारांत आपणांस कांहीं बोलतां येतें असें वाटणें, या बाबतींतला पुरावा अधिक एकमुखी आहे. म्हणून ही सोबत औषधाची किंवा डॉक्टरची जागा घेणारी नव्हे. त्यांच्या शेजारीं बसणारी आहे.

जेथें गुण येतो, तेथें तो कशामुळें येतो? पहिलें कारण म्हणजे आशेचें जिवंत उदाहरण. 'तुम्ही बरे व्हाल' हें डॉक्टर सांगतात तें ज्ञानाच्या आधारानें. सोबती तें न बोलतां, समोर बसूनच सांगतो. दुसरें कारण सत्तेचा अभाव. डॉक्टर दाखल करूं शकतो, घरचे लोक कोंडूं शकतात; सोबत्याच्या हातीं असें कांहीं नसतें, म्हणून त्याच्यापाशीं खरें बोलण्याची भीति कमी वाटते. तिसरें कारण असें कीं, औषधानें तोंड कोरडें पडतें तेव्हां काय करावें, आजारांत गेलेल्या वर्षाविषयीं नोकरीच्या मुलाखतींत काय सांगावें, असलें ज्ञान कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नसतें.

उलट बाजूहि पाहिली पाहिजे. दुसऱ्याचें दुःख ऐकतां ऐकतां सोबत्याची जुनी जखम उघडी पडूं शकते. म्हणून त्यालाहि वेळोवेळीं कोणापाशीं मन मोकळें करण्याची सोय, रजा आणि देखरेख लागते. कित्येक ठिकाणीं त्याला अल्प वेतनांत राबवून घेतात. डॉक्टर व परिचारक कमी आहेत म्हणून तो स्वस्तांतला पर्याय ठरतो. आणखी एक सूक्ष्म धोका आहे. रुग्णालयांत रुळतां रुळतां सोबती हळूहळू तेथल्या भाषेंत बोलूं लागतो, रजिस्टरें भरण्यांत गुंततो, आणि ज्या खुर्चीच्या अलीकडे तो बसत असे तिच्या पलीकडे केव्हां गेला हें त्याचें त्यालाहि कळत नाहीं. मग तो एक कनिष्ठ कर्मचारी उरतो. सोबती उरत नाहीं.

भारतांत या कामाची निकड किती आहे, हें आंकड्यांवरून समजतें. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीप्रमाणें प्रौढांपैकीं सुमारें १०.६ टक्के लोकांना त्या वेळीं कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत योग्य उपचार पोंचत नव्हते. उपचार न पोंचल्यानें काय होतें, याचें भयानक दर्शन ६ ऑगस्ट २००१ या दिवशीं घडलें. तामिळनाडूंतील एर्वाडी येथें एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली, आणि सांखळ्यांनीं बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. बिसेत्रच्या सांखळ्या निघाल्यास तेव्हां दोनशें वर्षें उलटून गेलीं होतीं.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें, जो २९ मे २०१८ पासून अमलांत आला, मनोरुग्णाला सांखळीनें बांधण्यास पूर्ण बंदी केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें या कायद्यानें गृहीत धरलें, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. रोग्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळांत मानसिक आजाराचा अनुभव असलेले लोक, त्यांची शुश्रूषा करणारे किंवा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधि यांच्यापैकीं दोघांना सभासद म्हणून स्थान दिलें. म्हणजे अनुभवाला कायद्यानेंच एक खुर्ची दिली. गुजरातमधील सरकारी मानसोपचार केंद्रांत जागतिक आरोग्य संघटनेचा 'क्वालिटीराइट्स' हा कार्यक्रम २०१४ पासून राबविण्यांत आला. त्यांत बरे झालेल्या लोकांना स्वयंसेवक सोबती म्हणून तयार करण्यांत आलें. या कामांत आणि पुढें युरोप, आफ्रिका व आशिया या खंडांतील सहा देशांनीं मिळून केलेल्या समदुःखी साहाय्याच्या अभ्यासांत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचें केंद्र सहभागी होतें. तरीहि पुणें, ठाणें, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत जाणाऱ्या महाराष्ट्रांतील कुटुंबांपैकीं किती जणांना अशी सोबत लाभते, हा प्रश्न प्रत्येक विचारी माणसानें स्वतःला विचारावा.

मग आरंभीं वर्णिलेल्या घरानें काय करावें? प्रथम, वाद थांबवावा. भिंतीपलीकडे कट नाहीं, हें मुलाला पटवून देण्याच्या खटपटीनें त्याची भीति वाढते. 'तुला फार भीति वाटते आहे, आम्ही जवळ आहोंत' हें वाक्य अधिक उपयोगी पडतें. खोलींतील गर्दी व गोंगाट कमी करावा. घातक वस्तु व औषधांचे सांठे दृष्टीआड ठेवावे. १४४१६ या क्रमांकावर 'टेलीमानस' ही सरकारी दूरध्वनिसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र मिळते आणि मराठींतहि बोलतां येतें. तेथें संकोच न करतां विचारावें. जिवाला धोका असेल तर विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. आणि तीव्र अवस्था ओसरली, मुलगा शांतपणें बोलूं लागला, म्हणजे त्याच्याबरोबर बसून पुढील वेळेची तयारी करावी. पुन्हा असें झालें तर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हें प्रौढ माणसाला आधींच लिहून ठेवण्याचा हक्क वरील कायद्यानें दिला आहे. आपल्या वतीनें कोणीं बोलावें, हेंहि त्याला साध्या कागदावर सही करून ठरवितां येतें. डॉक्टरांना विचारावें कीं, या आजारांतून गेलेला, बोलण्यास तयार असा कोणी आहे काय? हा प्रश्न पुष्कळांनीं पुन्हा पुन्हा विचारला, तरच रुग्णालयांना त्याची सोय करावीशी वाटेल.

परंतु या सर्वांच्या आड एक जुनी अडचण उभी आहे, आणि ती डॉक्टरांची किंवा सरकारची नव्हे. समदुःखी सोबती आकाशांतून पडत नाहीं. तो कोणाच्या तरी घरांतून यावा लागतो; आणि त्यासाठीं त्या घरानें 'आमचा मुलगा आजारी होता, आतां बरा आहे' असें चारचौघांत म्हणावें लागतें. मुलीच्या लग्नासाठीं, घराण्याच्या नांवासाठीं, शेजाऱ्यांच्या डोळ्यांसाठीं आपण ही गोष्ट दडवितों. दडविणाऱ्यांना दोष देणें सोपें आहे. समाजानें त्यांना तशी कारणें पुरविलीं आहेत. तथापि हिशेब स्पष्ट आहे. एका घरानें लपविलेला बरा झालेला माणूस म्हणजे दुसऱ्या घराला रात्रीं दोन वाजतां न मिळालेला सोबती. दार लावून हलक्या आवाजांत बोलणाऱ्या त्या वडिलांच्या ओळखींतच, कदाचित् त्याच गल्लींत, असा एखादा माणूस झोपलेला असेल. आणि त्या दोघांना एकमेकांविषयीं कांहीं ठाऊक नसेल.